कुडाला पल्याडनं हात लागतो

तुरी झोडपून झाल्या. काल ह्येनी गाडीभर तुराट्या आणून अंगणात टाकल्या आन् त्यांचा कडाड कडाड आवाज ऐकून मी दचकले. दर साली आसंच व्हतं. बाकीच्या बायांना तुराट्या बघून चुलीचं जळण दिसतं, मला भिंत दिसती. वाळल्या शेंगांचा तो तुरट वास नाकात गेला की मी हातातलं काम टाकून आधी लेकरू कुठं हाय ते बघते. काल बी बघितलं. दगडू एका तुराटीचा घोडा करून अंगणात पळत व्हता, ढुंगणावर चड्डी न्हाय, नाकाला शेंबूड, आन् तोंडानं टुकटुक टुकटुक. हाय म्हणलं. हाय.

ह्येनी बैल सोडले, वैरण टाकली आन् पाणी प्याला वाकले तवा माझ्याकडं न बघताच म्हणले, "गोदी यायलीय उद्या. सोलापूरच्या डाक्तरानं सोडलं. आता तिच्यापासनं कुणाला काय लागायचं न्हाय म्हणला."

म्या दगडूला वढून त्येचं नाक पुसलं.

"कुडाचं काय करायचं ते तू सांग," आसं म्हणले आन् तांब्या पालथा घालून गेले पाराकडं. तू सांग! आजवर ह्या घरात कुणी मला म्हणलं न्हवतं की तू सांग म्हणून, आन् म्हणले ते ह्येच्यासाठी.

मला लिवायचं म्हणजी तिसरीपतूरचं येतं. आमच्या येळंला शाळंत मास्तर निम्मा वक्त उर्दूतच बोलायचा, त्यामुळं जे आलं ते तेवढंच. पर डोक्यात जे फिरायलंय ते कुठंतरी उतरवल्याबिगर झोप यायची न्हाय.

कूड म्हणजी बघा, मेढी रोवायच्या, त्येला आडव्या कांब्या बांधायच्या, कांब्यांना उभ्या तुराट्या अंबाडीच्या वाखानं आवळायच्या, आन् मंग दोन्ही अंगानं चिखल लिंपायचा. मातीची भिंत घालायची म्हणजी रुंद लागती, जागा खाती. कूड चार बोटं. आमचं घर ईट गावाजवळच्या खेड्यातलं, तीन खणाचं, वर मातीचं सपाट माळवद. मधी काय न्हवतं. चूल बी तिथंच, जातं बी तिथंच, अंथरुणं बी तिथंच. माळवदाला चुलीवर एक सानं, धूर जायला आन् उजेड यायला एकच. सकाळी त्यातनं उन्हाचा एक कवडसा पडायचा आन् दगडू रांगत जाऊन त्यो कवडसा धरायला बघायचा.

त्याचं नाव दगडू का ठेवलं ते कुणी इचारत न्हाय. समद्यांना ठाव हाय. पहिली लेक माझ्या हाताला लागली न्हाय. खोकला झाला, छाती भरली, गेली. ह्येला दगडू म्हणलं की कुणाची नजर जायची न्हाय म्हणून आत्याबाईंनीच ठेवलं. आत्याबाई म्हणजी माझी सासू.

तर त्या साली दगडू नुकताच रांगाया लागला व्हता आन् वन्सं आल्या. माझी नणंद, गोदा. ह्येच्या पाठची, पर माझ्याहून थोरली. सासरची गाडी गावात सुदीक शिरली न्हाय, वेशीबाहेरच त्येनी वन्संला उतरवलं, शेजारी गाठोडं ठिवलं आन् बैल माघारी वळवले. वन्सं चालत आल्या. दारात दम खाल्ला आन् हसल्या. "वैनी, माहेरपणाला आले गं. लई दिवसांचं माहेरपण हाय बग."

हसणं तसंच व्हतं, पर गळ्याची हाडं वर आलेली.

मला तवा काय कळलं न्हाय. उलट बरंच वाटलं. दगडू दुसऱ्याच दिशी त्यांच्या मांडीवर. त्यांच्याच कडंवर, त्यांच्याच पदराखाली. माझ्याकडं प्यायला तेवढं यायचं आन् तोंड पुसून परत तिकडं. म्या भाकरी थापायची, वन्संनी पापुद्रा काढायचा, आपल्या दातानं मऊ करायचा आन् त्येच्या तोंडात घालायचा. आमच्याकडं समदे आसंच करतात. माझ्या आईनं बी मला आसंच भरवलं आसंल. त्यो चिमणीच्या पिलावानी आ करायचा. म्या बघायची आन् हसायची.

आता त्यो आ आठवला की माझ्या अंगावर काटा येतो.

मंग खोकला वाढला. एक दिस त्या आडावरनं आल्या, पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. म्या म्हणलं, "काय सांडलं वन्सं?" त्या म्हणल्या, "काय न्हाय, विडा खाल्ला व्हता." घरात पान न्हवतं. सुपारी न्हवती.

भूमच्या दवाखान्यात ह्येनी गाडी जुंपून नेलं, मी संगं, दगडू मांडीवर. डाक्तरानं नळी लावली, बराच येळ लावली, आन् मंग वन्संला न्हाय, माझ्याकडं बघून इचारलं, "हे लेकरू कुणाचं?"

"माझं."

"हिच्याजवळ झोपतं?"

म्या दगडूला पदराखाली घेतलं. ह्येच म्हणले, "दिसभर तिच्याकडंच आसतंय जी."

डाक्तरानं हातातली नळी खाली ठिवली. छातीचा आजार हाय म्हणला. सुया लागतील, सोलापूरच्या दवाखान्यात जागा झाली की कळवतो म्हणला, पर तवर लेकरू तिच्याजवळ जाऊ देऊ नगा. ताट-तांब्या येगळा, अंथरूण येगळं, खोली येगळी. खोली! येताना गाडीत मी पुढं बसले. वन्सं मागं, पाठ फिरवून, रस्त्याकडं तोंड करून बसल्या. दगडू त्यांच्याकडं झेपावायचा आन् मी त्येला दाबून धरायची. त्यो रडायचा, मी आणखी दाबायची. त्येच्या दंडावर माझी बोटं उठली व्हती.

आत्याबाईंना कुडाचं सांगितलं तवा त्या जात्यावर व्हत्या. जातं थांबलं. "माझ्या जित्तेपणी माझ्या घरात भिंत? कूड घालणं म्हणजी वाटणी. माझ्या लेकीला कोंडतीस का गं?" आन् माझ्याकडं आशा बघाया लागल्या की आजार म्याच आणलाय. शेजारची सोनाकाकू तेवढ्यात इस्तव मागायला आली आन् आणून ठिवलेल्या मेढी बघून दारातच म्हणली, "काय गं सूनबाई, नणंदंनं हिस्सा मागितला का तूच काढून दिलास?"

म्या काय म्हणणार? आजाराचं नाव काढलं तर गाव आडावर पाणी भरू देणार न्हाय. न्हाय काढलं तर म्या घर फोडलं.

कोपऱ्यातनं वन्संच बोलल्या. पदर तोंडाला धरून, पर आवाज खणखणीत. "मीच मागितला हिस्सा, सोनाकाकू. सासरी तर कुणी दिला न्हाय, म्हणलं हितं तरी घ्यावा." आन् सोनाकाकू गेल्यावर आईला म्हणल्या, "आये, घालू दे. मीच म्हणते घाला म्हणून. आन् रडू नगंस, पीठ खारट हुईल."

ह्येनी मेढी रोवल्या. कांब्या बांधल्या. तुराट्या निवडून सरळ सरळ तेवढ्या घेतल्या, वाखानं आवळल्या. परसदाराकडचा दीड खण वन्संला, चुलीकडचा आमाला. मधी दार ठिवलं न्हाय. दार ठिवलं तर रांगतं लेकरू जाणारच. तिकडं जायचं तर घराला वळसा घालून परड्यातनं.

तुराट्या उभ्या राह्यल्या आन् लिंपायच्या आधी ती भिंत जाळीवानी दिसायची. पल्याड वन्सं बसलेल्या पट्ट्यापट्ट्यानं दिसायच्या, एक पट्टा कपाळाचा, एक पट्टा लुगड्याचा. दगडू तिथं जाऊन फटीत हात घालायचा आन् मी धावायची. चुलीवर दूध उतू गेलं तरी मी आधी तिकडं धावायची. ह्येच्या मागं तगादा लावला, आजच लिंपा, आत्ताच लिंपा.

पर बगा, कूड एकट्यानं लिंपता येत न्हाय. हिकडनं चिखलाचा गोळा दाबला की तुराट्या पल्याड वाकत्यात. पल्याडनं कुणीतरी तळवा टेकवून धरावा लागतो, मंगच चिखल फटीत बसतो. मंग त्येनं आपल्या अंगानं लावायचा, हिकडच्यानं धरायचं. ह्ये चिखल तुडवत व्हते, शेण-भुसकट मिसळून टोपल्यानं आणून देत व्हते. आत्याबाई भिंतीकडं पाठ करून बसलेल्या. मी गोळा हातात घेऊन हुबी. पल्याड कोण जाणार?

पल्याडनं बांगड्या वाजल्या. "हं. लाव, वैनी."

म्या लावला. पल्याडनं तळवा आला. तुराट्यांच्या आरपार त्यो दाब कळायचा मला. त्यांच्या हाताला ताप व्हता का माझ्याच मनाला वाटलं कुणास ठाव. खालनं वर जात गेलो. आधी त्यांचे पाय गेले, मंग गुडघे, मंग छाती. मी घाई करायची. त्या म्हणायच्या, "आगं दमानं, तडे जातील." खोकला आला की त्या हात काढून लांब जायच्या, परत यायच्या, "हं, लाव." शेवटी तोंडाएवढी जागा राह्यली. त्या तिथनं दगडूकडं बघत व्हत्या, त्यो माझ्या मागं पाटीखाली झाकून ठिवलेल्या कोंबडीच्या पिलांशी खेळत व्हता. म्या गोळा हातात घेतला आन् थांबले. हात उचलंना.

त्याच म्हणल्या, "लाव की गं. माझं तोंड काय बगतीस, लगीन ठरवायचंय का माझं?"

मी लावला. वर सान्याखाली हातभर जागा उघडीच राह्यली. ती बी बुजवा, माळवदापतूर न्या, म्हणून म्या ह्येच्या पाया पडायची बाकी राह्यले. ह्ये म्हणले, "सानं एकच हाय. मंग गोदीला उजेड कुठनं?" म्या टोपलं खाली ठिवलं. पर त्या दिसापासनं मी वर बघत राह्यले. खोकला वरनं यायचा. त्येच्या संगं आणखी काय येतंय ते दिसत न्हवतं, आन् दिसत न्हवतं म्हणूनच भ्या वाटायचं. दगडू शिंकला की माझा जीव खाली-वर. अंग हातानं बगायचं, कपाळ गालानं बगायचं, परत हातानं.

वन्संचं ताट मी परसदाराला ठिवायची आन् मागं सरायची. त्या म्हणायच्या, "ठिव, मी घेते." तेवढंच बोलणं. आन् त्या कुडावर बोटानं ताल धरायच्या, टुक टुक टुक. दगडू जिथं आसंल तिथनं रांगत यायचा, कुडाला कान लावून बसायचा. ह्ये हसायचे. मला हसू यायचं न्हाय.

मंग मला ते दिसलं. कुडाच्या बुडाशी, रांगत्या लेकराच्या तोंडाएवढ्या उंचीवर, एक खळगा. दगडूच्या हनुवटीला माती, जिभंवर माती. त्यो भिंत खात व्हता! ओल्या मातीचा वास लेकरांना आवडतो, समद्यांची लेकरं चाटत्यात, पर माझ्या लेकराला खायला हीच भिंत घावली व्हती. जी त्येला वाचवायला घातली तीच. तोंडात बोट घालून माती काढली, त्यो ओरडला, मी आणखी काढली.

खळग्याचं चार रोजात आरपार भोक झालं. बोट जाईल एवढं. आन् गंमत अशी की भोक पडायचं आन् परत सकाळी बुजलेलं आसायचं. ताज्या मातीनं. म्या न्हवतं बुजवलं. ह्येनी न्हवतं. आत्याबाई म्हणल्या, मला काय ठाव. मंग माझ्या डोक्यात आलं: भोक पाडायल्यात त्याच. पल्याडनं बोट घालून लेकराला हात लावायल्यात, आन् मंग झाकून ठिवायल्यात.

दुपारी आत्याबाई दगडूला घेऊन अंगणात गेल्या तवा मी भोकासमोर बसले. तोंडावर पदर धरला. वाट बघत बसले, म्हणलं आता बोट येतंय. बोट आलं. पर चिखल घेऊन आलं. पल्याडनं भोकात गोळा दाबला, अंगठ्यानं गोल फिरवला, परत दाबला.

म्या म्हणलं, "वन्सं?"

बोट थांबलं. "काय गं?"

"तुमी बुजवताव व्हय रोज?"

"मंग कोण? तुझा ल्योक उंदीर हाय निस्ता. रोज पोखरतो. मी ताल धरायचा सोडला तरी यायलाय."

म्या तोंडावरचा पदर जरा सोडला आन् तेवढ्यात परत धरला. "पाणी कुठलं घेतलाव? चिखलाला?"

बोट भोकातनं मागं गेलं. "माझ्या तांब्यातलं."

"आन् त्यो तीच माती खायलाय वन्सं. तुमच्या हातची."

पल्याडनं लुगड्याची सळसळ झाली. मला वाटलं उठून गेल्या. मंग आवाज आला, लई बारीक. "मंग काय करू ते सांग. उघडं ठिवू?"

मी तिथंच बसून राह्यले. दोघींच्या मधी चार बोटं माती. मला त्यांचा राग यायला पायजे व्हता, येत न्हवता. मला त्यांची कीव यायला पायजे व्हती, तिला भ्या येऊ देत न्हवतं. शेवटी म्या उठले, परड्यातल्या लिंबाचा पाला ओरबाडला, पाट्यावर वाटला, हिरवागार, कडू जहर, हाताचा वास चार दिस गेला न्हाय. त्यो चिखलात कालवला. निम्मा परसदाराला ठिवून आले आन् हिकडं येऊन म्हणलं, "वन्सं, हात लावा पल्याडनं." त्येनी लावला. बुडापासनं कंबरंपतूर समदा कूड परत लिंपला. दगडूनं दुसऱ्या दिशी येऊन एक चाटा घेतला, तोंड आसं केलं की काय सांगू, आन् भिंतीला चापट मारली.

पल्याड वन्सं हसल्या. हसता हसता खोकल्या, आन् मी वर बघितलं, सान्याखालच्या त्या उघड्या जागंकडं.

सोलापुरास जागा झाल्याची खबर आली तवा त्या परसदारानंच निघाल्या. गाडीत बसताना दगडूकडं बघितलं न्हाय, लांबनंच तोंड फिरवलं. त्यांचं अंथरूण ह्येनी परड्यात जाळलं. पल्याडचा दीड खण मोकळाच राह्यला. तिथं आमी काय ठिवलं न्हाय, दाण्याचं पोतं सुदीक न्हाय. पावसाळा झाल्यावर कुडाला तडे गेले, म्या एकटीनंच हिकडनं लिंपलं. ह्ये म्हणले बी, "पल्याडनं हात पायजे." म्या ऐकलं न्हाय. तिकडं जायला माझा पाय धजत न्हवता. आता त्या कुडाला पोट आलंय. हिकडनं दाबलेलं समदं पल्याड गेलंय, आन् मधली एक खपली तर परवा धाडकन पडली, आतल्या तुराट्या उघड्या, बुडाशी दगडूचं भोक बी परत मोकळं.

तर आज.

सकाळी म्या चिखल भिजत घातला. कूड काढायचा म्हणून न्हाय, ठिवायचा म्हणून न्हाय. हाताला काय तरी काम पायजे म्हणून. दगडू अंगणात. गाडीचा आवाज आला, आत्याबाईंचं रडू ऐकू आलं. म्या दारात गेले न्हाय. चिखलाचा गोळा घेऊन कुडासमोर हुबी राह्यले, जशी त्या साली राह्यले व्हते.

वन्सं बी दाराकडं आल्या न्हाईत. त्यांची पावलं घराला वळसा घालून गेली. परसदाराची कडी वाजली. उघड्या तुराट्यांतनं म्या बघितलं. पट्ट्यापट्ट्यानं दिसल्या. अंगावर मांस आलेलं. केस कापलेले. पदर अजून तोंडाला, सवयीनं.

"आगं आय आय," म्हणल्या, "ह्येला तर पोट आलंय. कितवा म्हयना?"

मला हसू फुटलं आन् रडू बी.

"काढणार व्हता म्हणं कूड. काढू नगा वैनी. मला सवय झालीय आता माझ्या हिश्श्याची." मंग हळूच, "तुला बी बरं."

त्येवढ्यात परड्यात टुकटुक टुकटुक आवाज आला. दगडू. घोडा घेऊन घराला वळसा घालून गेलेला. पळत आला आन् पल्याडच्या दारात थांबला. त्येला काय आठवणार, किती एवढासा व्हता. त्या फटीतनं मला त्येचं पोट दिसलं, तुराटी दिसली. वन्सं झटकन मागं सरल्या. भिंतीला पाठ लागंस्तवर.

"वैनी. तुझं लेकरू आलंय हिकडं." जरा थांबल्या. "धाडू का परत?"

माझ्या हातातनं चिखल गळत व्हता. डाक्तर म्हणलाय, लागायचं न्हाय. डाक्तर म्हणलाय. म्या त्येच्या छातीकडं बघत व्हते, वर-खाली, वर-खाली, आन् माझीच व्हत न्हवती. ज्या लेकीचं नाव घरात कुणी काढत न्हाय तिचं नाव माझ्या तोंडात आलं आन् गेलं.

"वैनी?"

"आसू द्या," म्या म्हणलं. "हात लावा पल्याडनं. आन् त्येच्या हातात बी एक गोळा द्या, न्हाय तर घोडा घालील तुराट्यांत."

"तोंडात घालील की गं."

"लिंब कालवलाय."

म्या उघड्या तुराट्यांतनं एक गोळा पल्याड सारला. मंग बांगड्या वाजल्या. "हं. लाव."

म्या गोळा दाबला. पल्याडनं त्यो तळवा आला, वळखीचा. आन् त्येच्या जरा खाली, दाब कसला, निस्तं चापट मारल्यावानी, आणखी एक हात. धड टेकत बी न्हवता. म्या माझा दुसरा हात खाली नेला आन् बराच येळ तिथंच धरून ठिवला.

तिन्हीसांजंला ह्ये आले. चूल फुंकत व्हते मी. त्येनी कुडावरनं हात फिरवला, ओला हाय का बघितलं. "ठिवलास मंग."

"व्हय."

खाली वाकले. बुडाशी, दगडूनं त्या साली पोखरलेल्या जागी, बोट जाईल एवढं भोक तसंच व्हतं. पल्याडच्या दिव्याचा उजेड त्यातनं हिकडं आला व्हता.

"आन् ह्ये?"

"माती पुरली न्हाय," म्या म्हणलं.

चिखलाचं निम्मं टोपलं दाराशीच व्हतं. त्येनी त्येच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् पाय धुवायला गेले.